पिंजऱ्याआधी डेकखालची ताटली उचला

आमच्या शिकागोच्या उपनगरात एका घरचं छोटं कुत्रं कायोटीने (कोल्ह्या-लांडग्याच्या जातकुळीतला इथला जंगली प्राणी) त्यांच्याच बॅकयार्डमधून उचलून नेलं. त्या घरातली मुलं अजून सावरलेली नाहीत, त्यांचं दुःख मला दिसतंय. पण त्यानंतर ग्रुपवर ‘सगळे कायोटी पकडून लांब सोडा’ असा जो अर्ज फिरतोय, त्यावर मी सही करणार नाही.

ओहायो स्टेट विद्यापीठाचे स्टॅनली गेर्ट आणि त्यांचे सहकारी २००० सालापासून शिकागो परिसरातल्या कायोटींना रेडिओ कॉलर लावून त्यांचा माग काढताहेत. त्यांनी चौदाशेहून जास्त विष्ठेचे नमुने तपासले. सापडलं काय, तर मुख्यतः उंदीर, ससे, हरणं आणि फळं. मांजराचे अवशेष शंभरात एखाद-दुसऱ्या नमुन्यात. म्हणजे आपल्या पाळीव प्राण्यांवर तो जगत नाही.

आणि पकडून तरी काय होणार? कायोटीची जोडी आपला इलाखा राखते. ती हटवली की दुसरी येते. लांब सोडलेला बहुधा तिथे टिकत नाही, परत यायला निघतो आणि गाडीखाली सापडतो. शंभराहून जास्त वर्षं या देशात विष, सापळे, बंदुका सगळं वापरून झालं. आज हवाई सोडलं तर एकही राज्य कायोटीविना नाही.

तो धीट होतो खायला मिळतं म्हणून. इथे मला आपल्याच माणसांशी बोलायचंय. भारतातून आलेले आई-बाबा उरलेली पोळी, भात ताटलीत घालून घरामागच्या लाकडी डेकखाली ठेवतात. ‘मुकं जनावर आहे, खाईल बिचारं.’ अन्न टाकायचं जिवावर येतं, हे मला पुरतं कळतं. पण त्या ताटलीवर उंदीर येतात, मग कायोटी येतो, आणि काही दिवसांनी तो भरदिवसा यायला लागतो. मागे ट्रेलवर एक समोर आला. कान पुढे, नजर माझ्यावर नाही, माझ्या कुत्र्यावर. मी ओरडले, नाण्यांचा डबा खळखळ वाजवला, तर दोन पावलं मागे सरकून पुन्हा उभा! माणसाला बुजणारा कायोटी केव्हाच पसार झाला असता.

भीती खोटी नाही. अमेरिका आणि कॅनडा मिळून कायोटीच्या हल्ल्यात माणूस दगावल्याच्या नोंदी दोनच आहेत, १९८१ आणि २००९ सालच्या. पण चावे होतात. जून २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये पाच वर्षांच्या मुलीला कायोटी चावला आणि त्यानंतर तीन कायोटींना गोळ्या घातल्या गेल्या. माणसाला चावलेलं जनावर मारायला माझा विरोध नाही. वेळ तिथवर येऊ देण्याला आहे.

म्हणून ताटली उचला, झाडाखालची सफरचंदं वेचा, बर्ड फीडरखालचे दाणे झाडा. छोटं कुत्रं रात्री एकटं बाहेर सोडू नका. जानेवारी ते मार्च माजाचा काळ आणि मग उन्हाळ्यापर्यंत पिल्लांचा, तेव्हा तर नकोच. लांबणारा पट्टा घरी ठेवा, साधा आखूड वापरा. समोर आला तर कुत्र्याला उचला, पाठ फिरवू नका, पळू नका, हात वर करून ओरडत राहा, तो हटेपर्यंत. चावलाच तर जखम साबणपाण्याने नीट धुऊन लगेच डॉक्टरकडे जा, रेबीजच्या लसीबद्दल विचारा आणि काउंटीच्या अ‍ॅनिमल कंट्रोलला त्याच दिवशी कळवा.