टोकदार अंड्यातून कोंबडा? कुणी सांगितलं!

"टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून तलंग" (तलंग म्हणजे तरुण कोंबडी) हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज फिरत फिरत सोलापुरात विडी घरकुलातल्या आमच्या मावशीपर्यंत पोचला. तिनं खुडूक कोंबडीखाली बसवायला काढलेल्या अंड्यांतली टोकदार तेवढी वेगळी केली आणि पोरांना आम्लेट करून घातली. आता बोलणं भाग आहे.

अंड्याचा आकार ही त्या त्या कोंबडीची धाटणी असते. टोकदार घालणारी बहुतेक टोकदारच घालत राहते. मेसेज खरा असता तर तिच्या पोटी जन्मभर कोंबडेच निपजले असते. कुणाच्या खुराड्यात झालंय असं? नर की मादी हे पक्ष्यांत आईकडून ठरतं, तेही बलक सुटतानाच. कवच नंतर चढतं, त्यालाच वीसेक तास लागतात. जर्मनीत दरवर्षी सुमारे साडेचार कोटी नर पिल्लं जन्मल्याबरोबर मारली जायची. 1 जानेवारी 2022 पासून तिथं त्यावर बंदी आहे. मग आता काही हॅचऱ्या, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढणारी केंद्रं, उबवणीच्या नवव्या दिवशी अंड्याला बारीक छिद्र पाडून थेंबभर द्रव तपासतात, त्यासाठी महागडी यंत्रं लावतात. नुसतं बघून कळत असतं तर त्यांना काय पैसा जड झालाय?

दुसरा सल्ला फिरतो: "अंडी उबवायच्या मशीनचं तापमान दोन अंश उतरवा, सगळ्या तलंगा निघतील." हे मगरीत चालतं, कोंबडीत नाही. साडेसदतीस अंश सेल्सिअसवरून खाली आलात तर पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतील, बरीच आतच मरतील. (सोलापूरच्या मे महिन्यात पारा वर न जाऊ देणं हीच मोठी कसरत, उतरवायचं काय घेऊन बसलात!)

अंड्यावर दोऱ्यानं अंगठी धरून ती कशी हलते त्यावरून नर-मादी सांगतात, पण ती तुमच्याच हातानं हलते. पिल्लू उलटं लोंबकळवून बघणं तर सोडूनच द्या.

पंखांच्या पिसांवरून नर-मादी ओळखण्यात थोडं तथ्य आहे, मान्य. पण ते त्यासाठीच जुळवलेल्या संकरात, तेही पहिल्या एक-दोन दिवसांत. घरच्या सरमिसळ गावरानात त्याचा उपयोग शून्य.

आपण थांबायचं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात नराचा तुरा मोठा आणि लाल व्हायला लागतो, तलंगेचा लहान, फिकट राहतो. कडकनाथचा तुरा काळपट, तिथं रंगावर जाऊ नका. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पाठीवर, शेपटीच्या बुडाशी बघा: लांब, टोकदार, चकचकीत पिसं लोंबत असतील तर कोंबडा, टोकं गोल असतील तर तलंग. बाजारात तलंग म्हणून घेतानाही हीच जागा तपासा, विकणारा पंख पसरून दाखवत बसला तरी.