शेतकरी, अडत आणि मधला डबा: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, प्रतिक्रिया लांब आणि चांगलीच तिखट होती, त्यामुळं उत्तरही लांब होणार, सांभाळून घ्या. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मोंढ्यातल्या अडत दुकानांच्या हिशोबासाठी मी जी ईआर आकृती (डेटाबेसात कोणती माहिती कशाला जोडलीय ते डबे आणि रेघांनी दाखवणारा नकाशा) टाकली होती त्यावर सरांचं म्हणणं असं की शेतकरी आणि दुकान यांच्यात सरळ मेनी-टू-मेनी (दोन्हीकडून अनेकांशी नातं) रेघ मारली असती तरी भागलं असतं, मी मधे 'आवक' (एका खेपेला आलेला माल) नावाचा डबा घुसवून सोपी गोष्ट अवघड केली, शेतकऱ्याकडून आवकेकडं 'शून्य किंवा अनेक' दाखवलं ते चूक, आकडे उलट्या बाजूला लिहिलेत, आणि फ्रेमवर्क (प्रोग्रामसाठीचे तयार सांगाडे) सगळं आपोआप करायलेत तर ईआर आकृती मांडणाऱ्या पीटर चेनचा 1976 सालचा पेपर आता कोण उकरत बसतंय.

आधी रेघेचं बघू. शेतकरी अनेक दुकानांत जातो, दुकानात अनेक शेतकरी येतात, मेनी-टू-मेनीच आहे ते, वादच नाही. पण तुमच्या दोन डब्यांत दर कुठं लिहायचा ते सांगा. शेतकऱ्याच्या डब्यात बसत नाही कारण सोमवारी एक दर लागला, गुरुवारी दुसरा, आणि दुकानाच्या डब्यात तर त्याचा काही संबंधच नाही. वजन, कट्टे, ओल, हमाली, तोलाई, तारीख, हे सगळं ना शेतकऱ्याचं ना दुकानाचं, त्या एका खेपेला आलेल्या मालाचं आहे. चेनला हे तेव्हाच दिसलं होतं, म्हणून तर त्याच्या आकृतीत नात्यासाठी वेगळा शंकरपाळ्याच्या आकाराचा डबा असतो आणि नात्याचे गुणधर्म त्याच्याकडं लावता येतात. मी वापरली ती क्रोज फूट पद्धत ('अनेक' दाखवायला रेघेच्या टोकाला कावळ्याच्या पायासारखी खूण), त्यात शंकरपाळा नसतो, नुसती रेघ, आणि रेघेला दर लटकवायची सोय नाही, म्हणून मधे डबा आला.

फ्रेमवर्कचं म्हणाल तर जँगोत (पायथन भाषेतलं फ्रेमवर्क) मेनी-टू-मेनी फील्ड टाकलं की मधला टेबल तो गुपचूप बनवून देतो हे खरंय, पण त्या टेबलात शेतकरी-दुकान ही जोडी एकदाच बसते. म्हणजे गड्यानं दिवाळीच्या आधी दहा कट्टे सोयाबीन घातलं, पैशाची नड भागवली, अन उरलेलं दिवाळीनंतर त्याच दुकानात आणलं तर दुसऱ्या खेपेला जागाच नाही. मग तुम्ही 'थ्रू' लावून (मधला टेबल माझाच वापर असं जँगोला सांगून) त्या टेबलाचं स्वतःचं मॉडेल लिहिणार, म्हणजे माझाच डबा, फक्त उशिरा, आणि ऐन सीझनात चालू डेटा इकडून तिकडं हलवत. तरी सगळीकडं मधला डबा घाला असं मी कुठंच म्हणलेलं नाही. दुकान कोणकोणता माल घेतं, सोयाबीन, तूर, हरभरा, एवढंच नोंदवायचं असेल तर साधी रेघ पुरते, टेबल करताना मधला टेबल येईलच, तो आकृतीत नाचवायचं कारण नाही. त्याच आकृतीत खाली डाव्या कोपऱ्यात ती रेघ तशीच आहे की, बघा.

आता शून्य. माल न आणणारा शेतकरी दुकानात कशाला असेल म्हणता, तर सर, उचल! मृगाच्या आधी बी-खतासाठी उचल घेतलेला माणूस त्या दिवसापासून खात्यावर आहे आणि त्याचं सोयाबीन यायला दसरा उजाडतो, अन पावसानं दगा दिला तर त्या वर्षी येतही नाही. किमान एक आवक पाहिजेच असा नियम टाकला तर मुनीमजी काय करतील माहितीय का, खोटी शून्य किलोची आवक टाकतील आणि पुढचे सगळे रिपोर्ट बोंबलतील. जास्तीत जास्त किती हे सगळे विचारतात, कमीत कमी किती हे विचारायला लोक काहून कंटाळतात कळत नाही, खरी भांडणं तिथंच लपलेली असतात. उलट्या दिशेनं म्हणजे आवकेकडून शेतकऱ्याकडं मी 'एक आणि एकच' ठेवलंय, त्यावर मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत, आणि खरं तर धरायचं होतं तर तिथं धरायला पाहिजे होतं, कारण बटईचा माल असला की काही दुकानं मालक आणि बटईदार दोघांच्या नावानं वेगळ्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) करतात. मी ज्या दुकानासाठी काढली तिथं काट्यावरच दोन लॉट पाडतात, म्हणून एकच. तुमच्याकडं एकाच लॉटच्या दोन पट्ट्या होत असतील तर तिथं अजून एक डबा वाढणार, हिश्श्याचा.

खरेदीदाराला मी 'आवक'लाच जोडलं, तेही तुम्हाला खटकलंय. समजा तीन सुट्या रेघा मारल्या, शेतकरी-दुकान, दुकान-खरेदीदार, शेतकरी-खरेदीदार. शेतकऱ्यानं दोन दुकानांत माल घातलाय, खरेदीदार दोन्हीकडं सौदे करतो, आणि त्यानं या शेतकऱ्याचा माल घेतलाय हेही माहितीय. पण कोणत्या दुकानातून घेतला? तिन्ही रेघा खऱ्या असूनही उत्तर मिळत नाही, अन पैसे अडकले की नेमका हाच प्रश्न येतो. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडनं 1970 च्या पेपरातच असल्या अंदाजाला कनेक्शन ट्रॅप म्हणलंय, त्याचं उदाहरण पुरवठादार, पार्ट आणि प्रोजेक्टचं होतं: अमुक पुरवठादार तो पार्ट देतो आणि अमुक प्रोजेक्टात तो पार्ट लागतो, एवढ्यावरून त्यानंच त्या प्रोजेक्टला दिला असं ठरत नाही.

आकड्यांच्या बाजूचा वाद लई जुना आहे, दोघंही बरोबर आहोत. तुम्ही शिकलात ती किमान-कमाल कंसाची पद्धत, त्यात शेतकरी किती आवकांत भाग घेतो ते शेतकऱ्याच्याच बाजूला लिहितात, क्रोज फूटमधे तेच चिन्ह समोरच्या म्हणजे आवकेच्या टोकाला येतं. एका आकृतीत दोन्ही मिसळू नका, बाकी काही नाही. आणि टूल विचारलंत ते मर्मेड, मजकूर टाईप केला की क्रोज फूटची आकृती तोच काढतो, हिश्श्याचा डबा वाढवायचा तर चार ओळींचं काम आहे.