‘हंगाम वाढला, मग रडता कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुमची प्रतिक्रिया खोचक आहे, पण पोकळ नाही, म्हणून दोन ओळींत उरकावंसं वाटेना.

लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. डेव्हिड इनोये या परिसंस्थाशास्त्रज्ञाच्या कामावर लिहिताना मीच सांगितलं होतं, की अमेरिकेतल्या कोलोरॅडोतल्या त्यांच्या डोंगरी कुरणात फुलांचा हंगाम ३५ दिवसांनी लांबला. मग फुलांवर जगणाऱ्या माश्यांची (मधमाशी आणि तिच्या भाईबंदांची) चंगळच झाली की, असं तुम्ही म्हणता. शिवाय एक कीटक गेला तर दुसरा त्याची जागा घेतो, निसर्ग आपलं आपण जुळवून घेतो. चाळीस वर्षं फुलं मोजत बसणं ही कारकुनी झाली, प्रयोग कुठाय? आणि जाता जाता एक टोमणा : मधमाश्यांच्या पेट्या जगभर वाढताहेत, मग परागीभवनाचं संकट आलं कुठून?

आधी माझी चूक कबूल करतो. ‘फुलांची आणि कीटकांची वेळ सगळीकडेच चुकू लागली आहे’ असं वाक्य लेखात होतं. त्यातलं ‘सगळीकडेच’ माझ्या पदरचं. २०११ साली बार्तोमेउस आणि सहकाऱ्यांनी ईशान्य अमेरिकेतल्या रानमाश्यांच्या १० जाती तपासल्या. संग्रहालयांत टाचणी लावून ठेवलेल्या माश्यांच्या चिठ्ठ्यांवर पकडल्याची तारीख असते, तीच त्यांची सामग्री. १३० वर्षांत या माश्या सुमारे १० दिवस लवकर बाहेर पडू लागल्या होत्या, आणि यातला बराचसा फरक १९७० नंतरचा. पण त्या ज्या फुलांवर जातात तीही जवळपास तितकीच अलीकडे सरकली होती. म्हणजे तिथे जोडी तुटलेली नाही. जपानमधल्या होक्काइडोत मात्र कुडो आणि इडा यांना उलटं चित्र दिसलं. कोरिडॅलिस नावाचं एक वसंतातलं फूलझाड बर्फ वितळताच उमलतं. जमिनीत झोपलेली बंबलबीची (ही एक जाडजूड, केसाळ रानमाशी) राणी मात्र माती तापल्यावर उठते. बर्फ लवकर गेलेल्या वर्षी फुलं पुढे निघून गेली, राणी मागे राहिली आणि बिया कमी धरल्या. दोघांची घड्याळं एकाच खुणेवर चालत असतील तर निभतं, वेगवेगळ्या खुणांवर चालत असतील तर फसतं. तेव्हा ‘सगळीकडेच’ काढून तिथे ‘काही जोड्यांमध्ये’ असं केलं आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, अगदी मनापासून.

आता ३५ दिवस. हा आकडा २०१४ साली कॅराडोना, आयलर आणि इनोये यांनी मांडला : १९७४ ते २०१२ अशी ३९ वर्षं, ६० जाती, २० लाखांहून अधिक मोजलेली फुलं. पहिलं फूल आधी येऊ लागलं आणि शेवटचं फूल उशिरा. तुम्ही तिथेच थांबलात, कारण मीही लेखात तिथेच थांबलो होतो. पण रबर ताणलं की लांबतं आणि मधे पातळ होतं. २०११ च्या एका अभ्यासात (त्यातही इनोये होते) नेमकं हेच दिसलं : पूर्वी उन्हाळ्याच्या मध्यावर तिथे फुलांचा एक भरगच्च डोंगर असे, आता त्याचे दोन उंचवटे होऊ लागलेत आणि मधे दरी पडू लागली आहे.

या दरीचं एवढं काय, हे बंबलबीचा संसार पाहिला की कळतं. तिची वसाहत एका वर्षाची. वसंतात राणी एकटीच उठते, घर शोधते, पहिली पिल्लं स्वतः वाढवते. मग कामकरी माश्या येतात, आणि पुढच्या वर्षीच्या राण्या जन्मतात त्या हंगामाच्या शेवटी. पोळ्यातल्या मधमाशीसारखा महिनोन्‌महिने पुरेल असा मध ती साठवत नाही, फार तर काही दिवसांची शिदोरी. म्हणजे आधी आणि नंतर मेजवानी असली तरी मधल्या उपासात घर बसू शकतं, आणि तेही राण्या जन्मायच्या आधी. त्याच डोंगरातल्या पुढच्या कामात हेही दिसलं, की बंबलबींची संख्या एकूण किती फुलं आली यापेक्षा पुरेशी फुलं किती दिवस मिळाली यावर जास्त हलते. चंगळ वर्षाच्या बेरजेत दिसते, पोट रोजच्या रोज भरावं लागतं.

आणि लवकर फुलणं हे झाडालाही फुकट पडत नाही. बर्फ हे त्या कुरणाचं पांघरूण. ते लवकर निघालं की झाडं लवकर वाढीला लागतात, पण कडक दहिवराच्या, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीच्या, रात्री काही त्या हिशेबाने मागे सरकत नाहीत. कोवळ्या कळ्या नेमक्या त्यात सापडतात. इनोयेंनी हेलिअँथेला या सूर्यफुलाच्या भाईबंदाच्या कळ्या मोजल्या. १९९२ ते १९९८ मध्ये दहिवराने सरासरी ३६ टक्के कळ्या जळत होत्या, १९९९ ते २००६ मध्ये ७४ टक्के. गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की हे झाड बहुवर्षायू आहे. कळ्या जळल्या तरी झाड मरत नाही, कुरण हिरवंगारच दिसतं. फक्त बी नाही. वाटेने जाणाऱ्याला यात काय खुपणार?

‘एकाची जागा दुसरा घेतो’ हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि प्रयोगही तुम्हीच मागितलात. तो याच डोंगरांत झालाय. ब्रोसी आणि ब्रिग्ज यांनी कुरणाचे २० मीटर बाय २० मीटरचे तुकडे घेतले आणि प्रत्येकातून बंबलबीची सर्वांत संख्येने असलेली जात जाळीने पकडून तेवढ्यापुरती दूर केली. बाकीच्या जाती होत्याच, आणि तुम्ही म्हणता तशा त्या मोकळ्या फुलांवर आल्याही. तरीही तिथल्या डेल्फिनियम या रानफुलाला बिया सुमारे एक तृतीयांशाने कमी धरल्या. कारण स्पर्धा असताना प्रत्येक माशी आपल्या ठरलेल्या फुलाला धरून राहते. स्पर्धक हटल्यावर ती या फुलावरून त्या फुलावर, हाताला लागेल तिथे भटकू लागली. अंगावर पराग होता, पण भलत्याच झाडाचा. निरोप्या दारात आला खरा, चिठ्ठी मात्र शेजारच्याची. हा निकाल २०१३ चा, आणि मी इतकी वर्षं या विषयावर वाचतोय, तरी यासारखा साधा आणि अस्वस्थ करणारा प्रयोग क्वचितच पाहिला.

त्याच वर्षी बर्कल, मार्लिन आणि नाइट यांचं इलिनॉयमधल्या कार्लिनव्हिलचं काम आलं. तिथे चार्ल्स रॉबर्टसन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणती माशी कोणत्या फुलावर बसते याच्या बारकाईने नोंदी केल्या होत्या. त्यातली वसंतातली २६ फूलझाडं आणि त्यांच्यावर येणाऱ्या १०९ जातींच्या माश्या १२० वर्षांनी पुन्हा शोधल्या. निम्म्या जाती गायब. पण झाड आणि माशी यांच्या मूळ जोड्यांपैकी टिकल्या फक्त २४ टक्के. काही नव्या जोड्या जमल्या होत्या, हे तुमच्या बाजूने. तरी हिशेब पहा : माश्यांची नुसती यादी केली तर नुकसान निम्मं, नाती मोजली तर तीन चतुर्थांश. मी लेखभर ‘नाती’, ‘नाती’ करत होतो ते यासाठी, तुम्हाला ते काव्य वाटलं.

जुळवून घेणं खोटं आहे असं मी म्हणतच नाही. पॅरिसच्या परिसरातली शेतात उगवणारी रानटी पॅन्सी घ्या. १९९० च्या दशकात जपून ठेवलेलं बी आणि २०२१ चं बी संशोधकांनी शेजारी शेजारी वाढवलं. नव्या झाडांची फुलं १० टक्के लहान, मकरंद २० टक्के कमी, स्वपरागीभवन २७ टक्क्यांनी वाढलेलं. माश्या येईनात, तर या रोपट्याने दोन-तीन दशकांत त्यांच्यासाठी दुकान मांडणंच कमी केलं. झकास जुळवून घेतलं! पण उरल्यासुरल्या माशीला त्या दुकानात आता काय मिळणार? आणि स्वतःच्याच परागावर पिढ्या काढणाऱ्या झाडाची विविधता आटते, म्हणजे पुढचा बदल आला की जुळवून घ्यायला गाठीशी कमी उरतं. ‘निसर्ग जुळवून घेतो’ म्हणताना त्याची किंमत कोण भरतंय, एवढंच विचारतोय मी.

पेट्यांबद्दल फार लिहीत नाही. पाळलेल्या वसाहती वाढल्या हे खरंच आहे, १९६० च्या दशकापासूनच्या साधारण पन्नास वर्षांतच सुमारे ४५ टक्क्यांनी. पण पेटीतली मधमाशी म्हणजे जगातल्या सुमारे २०,००० माशी-जातींपैकी एखाद-दुसरी. टोमॅटोचं फूलच पहा. त्याचा पराग नळीत बंद असतो. बंबलबी फुलाला लटकून अंग थरथरवते तेव्हा तो झडतो. पेटीतल्या मधमाशीला हे जमतच नाही, पेट्या कितीही ठेवा.

राहिली कारकुनी. हो, आहे कारकुनी. दोन मीटर बाय दोन मीटरचे आखून ठेवलेले तुकडे, हंगामभर दर दिवसाआड, प्रत्येक जातीची फुलं मोजायची. इनोयेंनी १९७० च्या दशकात हे सुरू केलं तेव्हा हवामानबदल त्यांच्या डोक्यातही नव्हता. बंबलबी आणि हमिंगबर्डला खायला किती मिळतं एवढंच त्यांना हवं होतं. रॉबर्टसनलाही १२० वर्षांनी आपली वही कोण उघडणार हे कुठे माहीत होतं. वर दहिवराचे आणि मधल्या दरीचे जे मुद्दे मांडले, ते असल्या वह्यांशिवाय मला मांडताच आले नसते, आणि तुमचा ३५ दिवसांचा मुद्दाही नाही. एका कुरणावरून सगळं जग ठरत नाही, हे मात्र बरोबर. म्हणून तर वर होक्काइडोही आहे आणि पॅरिसही.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘अजून मोजतायत का तिथे?’ हो. पुढच्या पिढीचे संशोधकही आता त्यात आहेत. तुकडे तेच आहेत.