पुण्यावर किराणा मिळत नाही

"मुक्या जीवांची सेवा करता, केवढे पुण्य लागत असेल तुम्हाला!" हे वाक्य आठवड्यातून तीनदा तरी ऐकावे लागते आणि पगारवाढीचा विषय दर वेळी तिथेच संपतो. बीड जिल्ह्यातील एका जनावरांच्या निवारा केंद्रात मी सहा वर्षे कंत्राटी मदतनीस आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना, खाली बसलेल्या गाईचे पाय निकामी होऊ नयेत म्हणून दर तीन-चार तासांनी तिघांनी मिळून तिची कूस बदलावी लागते, जखमेत टर्पेंटाइनचा बोळा ठेवून अळ्या चिमट्याने एकेक काढाव्या लागतात आणि रात्री जेवताना हाताचा वास साबणानेही जात नाही. कुत्र्यांशी रोजचा संबंध असल्याने रेबीजची प्रतिबंधक लस ०, ७ आणि २१ व्या दिवशी स्वखर्चाने घेतली, तर त्या तिन्ही दिवसांचे खाडे लावले गेले. २०२२ मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची साथ आली, तेव्हा तर सुट्टी हा शब्दच कोणी उच्चारला नाही. आता जनावर दगावले तरी डोळ्यांत पाणी येत नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचीच भीती वाटते. पोळ्याला आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. दुकानदार मात्र ती शाल उधारीत वळती करून घेत नाही. गेल्या आठवड्यात सोबतचा मुलगा पेट्रोल पंपावर लागला. तिथे त्याला दोन हजार रुपये जास्त मिळतात आणि पुण्याचे नाव कोणी काढीत नाही.