मालकाला त्रास देऊ नका, तुम्ही आहात ना!

राजेहो, किमान वेतन वाढलं किंवा धंद्यावरचा एखादा टॅक्स वाढला की तुम्ही लगेच खुश होता, घे म्हणे आता भोग शेठ. असं खुश होत जाऊ नका, चांगलं दिसत नाही. शेठ काहीच भोगत नसतो. नागपूरच्या गांधीबाग बाजारातल्या कोणत्याही व्यापाऱ्याच्या गादीवर जाऊन विचारा, तो स्वतःच सांगेल, "भाऊ, आपण कुठून देणार, शेवटी गिऱ्हाइकच देते." म्हणजे तो बिचारा नुसता पोस्टमन, सरकारचं पाकीट तुमच्या दारात आणून टाकणार, आता पोस्टमनवर कोणी राग काढते का?

फक्त त्याला उलटा प्रश्न विचारू नका, की टॅक्स कमी झाला तेव्हाचं पाकीट कुठं गेलं बाप्पा.

1 एप्रिल 2013 आठवते का? नागपुरातली जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे महापालिकेचा स्थानिक संस्था कर आला, आणि बाजार बंद काय, धरणे काय, निवेदनं काय, कारण म्हणे ग्राहक मरेल. ग्राहकाची एवढी काळजी मी त्यानंतर कधी पाहिली नाही. मग 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतली उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी माफच झाला, म्हणजे इतवारीतलं जवळपास अख्खं मार्केट सुटलं. आता ग्राहकच देत होता तर ग्राहकाचेच पैसे वाचायला पाहिजे ना, पण "एलबीटी गेला, भाव उतरले" अशी पाटी कोणाच्या दुकानावर दिसली असेल तर फोटो पाठवा, मी फ्रेम करून लावतो. तूर डाळ तर त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास 200 रुपये किलोला गेली, तिची कारणं वेगळी होती हे मान्य, पण वर चढायला कारणं नेहमीच वेगळी असतात आणि खाली उतरायला एकही पुरत नाही.

हॉटेलात गेलात तर बिल वाचू नका, पचत नाही. 15 नोव्हेंबर 2017 ला एसी हॉटेलांचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. समजा धरमपेठेत 200 ची पनीरची भाजी होती, तर 236 चे 210 व्हायचे. कित्येक ठिकाणी मेनूकार्डच नवीन छापून आलं, समजा भाजी 220, बिल 231. सरकारने इनपुट क्रेडिट, म्हणजे कच्च्या मालावर भरलेल्या टॅक्सची वजावट, काढून घेतलं होतं, त्यामुळे हॉटेलवाले अगदीच खोटे नव्हते, पण 26 रुपयांच्या सवलतीतले 5 तुम्हाला भेटले हेही काय कमी आहे, घरी जाऊन पेढे वाटा.

आणि कंपन्यांवर तर संशयच घेऊ नका. सप्टेंबर 2019 मध्ये त्यांचा टॅक्स 30 वरून 22 टक्के केला, नव्या कारखान्यांना 15, सरकार स्वतःच म्हणालं की वर्षाचे 1 लाख 45 हजार कोटी सोडून राहिलो. का तर गुंतवणूक येईल, नोकऱ्या येतील, पगार वाढतील. पुढे 2024-25 च्या आर्थिक पाहणीत सरकारनेच लिहिलं की 2023-24 मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा 22.3 टक्के वाढला आणि रोजगार 1.5 टक्के. आता तो दीड टक्का तुम्हाला दिसला नाही तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

नोकरीवाल्यांसाठी सल्ला असा की ऑफर लेटर मिळालं की वरचा आकडा पाहायचा आणि फोल्डर बंद करायचं. खाली गेलात तर बीपी वाढते. समजा सीटीसी, म्हणजे तुमच्यावरचा कंपनीचा एकूण खर्च, महिना 30,000, बेसिक 15,000. त्यातून तुमचा पीएफ 1,800 गेला, ठीक आहे, तुमचाच आहे. मग कंपनीने भरायचा पीएफ 1,800, तोही त्याच 30,000 मधून. मग ग्रॅच्युइटी 721, जी पाच वर्षं टिकलात तर, आणि ती पण त्यातलीच. प्रोफेशनल टॅक्स 200. हातात 25,479. कायद्याने जो पीएफ मालकाच्या खिशातून जायला पाहिजे तो तुमच्याच पॅकेजमध्ये मांडून एचआर तुमचं अभिनंदन करते, आणि तुम्ही स्टेटस टाकता "ब्लेस्ड". एवढ्या सफाईने तर सीताबर्डीच्या गर्दीत पाकीटही जात नाही.

ठेकेदारी कामगार असाल तर याहून सोपं. बँकेत पूर्ण किमान वेतन जमा होते, कागद एकदम स्वच्छ, आणि संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस गेटवर उभा असतो, वरचे दोन-तीन हजार कॅश परत द्यायचे. काही ठिकाणी तर एटीएम कार्डच त्याच्याकडे, तुम्हाला लाइनीत उभं राहायचाही ताप नको. किमान वेतनाचे दर वाढले की परत द्यायची रक्कम वाढते. भांडू नका, उद्या गेटपास बंद.

व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद झाला तर अभ्यासही नीट निवडा. जर्मनीतला 2018 चा एक आहे, धंद्यावरच्या टॅक्सचा जवळपास अर्धा भार कामगारांच्या पगारावर पडतो असा, तो टाका. अर्धाच म्हणते, उरलेला अर्धा कोणावर, हे काहून सांगायचं? आणि कार्ड-क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांचा अमेरिकेतला अभ्यास लपवा. एप्रिल 1992 मध्ये न्यू जर्सीत किमान वेतन तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर झालं, या दोघांनी तिथली नि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली फास्ट फूडची दुकानं तपासली, खाणं थोडं महागलं पण नोकऱ्या काही घटल्या नाहीत. त्यातल्या कार्डना 2021 चं नोबेल मिळालं, म्हणून तर लपवा.

खरी गोष्ट एवढीच की ज्याला पळता येते तो देत नाही. वीज महागली, मजुरी महागली की बुटीबोरीचा कारखाना म्हणतो, आम्ही चाललो तिकडं मध्य प्रदेशातल्या सौसरला, हद्दीपलीकडंच तर आहे. तुम्ही कुठं चालले? मानेवाड्यातल्या फ्लॅटचा हप्ता आहे, पोराची शाळा आहे, आईचं औषध आहे. म्हणून पाकीट तुमच्याच पत्त्यावर येते.

हे पाहायचं असेल तर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला या. ज्यांच्यावर सगळं ओझं पडते ते यशवंत स्टेडियमवरून मोर्चा घेऊन निघतात आणि पोलीस त्यांना विधानभवनाच्या अलीकडंच अडवतात. आणि ज्यांच्या खिशातून म्हणे एक रुपया जात नाही, सगळं गिऱ्हाइकच देते, ते त्याच टॅक्समधून सूट मागायला पुष्पगुच्छ घेऊन गाडीने थेट आत जातात.