ऋणातच राहा, परवडतं

आपल्याकडे आभारप्रदर्शन हा कार्यक्रमपत्रिकेतला शेवटचा आयटम. माइकवर कुणी मंडपवाल्यापासून सुरुवात केली की लोक चपला शोधायला उठतात. अमेरिकेने याच आयटमला राष्ट्रीय सुट्टी दिली, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, आणि वर जेवण ठेवलं. त्यामुळे कुणी उठत नाही. तुम्ही नुकतेच एडिसनला किंवा डलासला उतरला असाल आणि ऑफिसातल्या कुणी थँक्सगिव्हिंगला घरी बोलावलं असेल, तर जाण्याआधी माझं ऐका.

जेवणापूर्वी टेबलाभोवती प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं असतं. ‘कशाबद्दल’ हा शब्द नीट धरा. तब्येत, कुटुंब, कुत्रा, सगळं चालतं. ‘कुणाबद्दल’ काढायचं नाही. माझ्या आईने काढलं. सांगलीहून नुकतीच आलेली. टर्कीला हात न लावता ताटातल्या क्रॅनबेरी जेलीकडे बघत बसली होती. जेली डब्यातून अख्खी सुटून आलेली, डब्याच्या वळ्या अंगावर जशाच्या तशा, टेबलाला धक्का लागला की थरथरायची. “अरे, पण आभार मानायचे कुणाचे? विचार ना त्यांना!” यजमानांचा सुरा टर्कीतच थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भाषांतर केलं, “आई म्हणतेय, जेली फार सुरेख झालीय.”

फारच अडलात तर देवाचं नाव घ्या. देव वसुलीला दारात येत नाही.

इतिहास सांगायची पाळी आली तर १६२१ ची मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथची पंगत सांगा. इंग्लंडहून जहाजाने आलेल्या १०२ जणांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. उरलेल्यांचं पीक हाती आलं, मेजवानी झाली. तिथल्या मूळ रहिवाशांचा, वाम्पानोआगांचा, प्रमुख मॅसॅसॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला, पाच हरणंही त्यानेच आणून दिली. म्हणजे पाहुणे यजमानांहून जास्त, आणि मटण पाहुण्यांचं. मक्याच्या आळ्यात मासा पुरायला शिकवणारा टिस्क्वांटम, त्याच्याबद्दल ‘एक मैत्रीपूर्ण इंडियन’ एवढंच म्हणा. त्याला इंग्रजी कसं येत होतं, हे मुलं विचारतात. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं, तो इंग्लंडमार्गे घरी पोचेपर्यंत त्याचं अख्खं गाव साथीने ओस पडलं होतं, आणि प्लिमथ त्याच गावाच्या जागी वसलं, वगैरे सांगत बसलात तर पाय कापायचा राहून जाईल. (पाय म्हणजे भोपळ्याचा. आईलाही हे समजवावं लागलं.)

१६२१ नंतर थेट १८६३ वर उडी मारा, तिथे ही सुट्टी देशभर जाहीर करणारा लिंकन आहे, सुरक्षित आहे. मध्ये १६७६ लागतं. त्या साली याच मॅसॅसॉइटचा मुलगा मेटाकॉम मारला गेला आणि त्याचं मुंडकं प्लिमथला खांबावर टांगलं, ते पुढे कित्येक वर्षं तिथेच होतं. आपले सूत्रसंचालक म्हणतात ना, ‘आभार मानून त्यांना परकं करणार नाही, त्यांच्या ऋणातच राहणं पसंत करू’? अमेरिकेने ते शब्दशः पाळलंय.

तारखेचा मात्र आदर ठेवा, ती बाजाराने घासून घेतलेली आहे. पूर्वी सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असायचा, आणि १९३९ साली तो गुरुवार ३० तारखेला आला. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतात म्हणून दुकानदार कुरकुरले, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सण आठवडाभर आधी ओढला. काही राज्यांनी जुनाच गुरुवार धरला, टेक्सासने दोन्ही पाळले. पंचांगांची भांडणं बघत वाढलेल्या माणसाला इथे अगदी घरच्यासारखं वाटेल. शेवटी १९४१ साली चौथ्या गुरुवारचा कायदाच केला.

व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष टर्कीला माफी देतात, तेव्हा टाळ्या वाजवा. गुन्हा विचारू नका.

आणि उपकारकर्त्यालाच बोलवायची हौस आली, तर भाषणाचा कागद आधी मागून घ्या. १९७० साली, प्लिमथच्या ३५० व्या वर्षाच्या समारंभात, वाम्पानोआग वक्ते वाम्सुटा जेम्स यांना बोलायला सांगितलं होतं. मजकूर वाचल्यावर आयोजकांचा घास अडकला, त्यांनी दुसरा लिहून पुढे केला. जेम्स यांनी तो वाचायला नकार दिला, आणि त्या थँक्सगिव्हिंगला ते प्लिमथच्या टेकडीवर मॅसॅसॉइटच्या पुतळ्यापाशी जाऊन उभे राहिले. तेव्हापासून त्याच गुरुवारी भर दुपारी तिथे लोक जमतात आणि राष्ट्रीय शोकदिन पाळतात. साधारण त्याच सुमाराला टीव्हीवर डेट्रॉइटची फुटबॉल मॅच सुरू होते. आवाज जरा मोठा ठेवा.