"मुद्दाम चुकीचं बिल देऊन क्लेम बुडवला" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

कृत्रिम डोळे बनवणाऱ्या आमच्या केंद्राला एक स्टार देऊन तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं: वडिलांच्या "काचेच्या डोळ्याचे" 23 हजार 100 रुपये घेतले, बिलावर कोड टाका म्हटलं तर टाकला नाही, बिलावर मागची तारीख टाका म्हटलं तर तोंडावर नाही म्हणाले, म्हणून मेडिक्लेम नाकारला गेला. वरून जीएसटी लावला, अपंगत्वाचं 40 टक्क्यांचं लिहून दिलं नाही आणि आता पॉलिशच्या नावाखाली परत पैसे काढायचा धंदा चाललाय. असला डोळा दोन हजारात मिळतो, हेही आहेच.

वडिलांबद्दल तुम्ही इथे स्वतः जेवढं लिहिलंय, तेवढ्यावरच मी बोलणार. पेशंटची फाईल आम्ही चावडीवर उघडत नाही.

तारखेपासून सुरुवात करते, कारण खरा राग तिथंच दिसतोय. तुमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या खर्चाला 60 दिवसांची मुदत आहे. इकडे ऑपरेशन करून डोळा काढल्यावर खोबणीची सूज पूर्ण उतरायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात. तोवर आत कन्फॉर्मर असतो, म्हणजे पापण्यांमागची जागा आक्रसू नये म्हणून सर्जनने बसवलेली प्लास्टिकची पातळ वाटी. सूज असतानाच माप घेतलं तर डोळा त्या दिवशी छान बसतो, पण पुढे सैल होतो, फिरतो, बुबुळ भलतीकडेच बघायला लागतं. म्हणून सर्जनने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय आम्ही मापाला हात लावत नाही. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस, त्यात डोळा बनवायचे दिवस मिळवा. मुदत संपते. विम्याचं कॅलेंडर आणि शरीराचं कॅलेंडर जुळत नाही, याचा त्रास मलाही होतो आणि मी तो तुमच्यासमोर बोलूनही दाखवला होता.

पण म्हणून बिलावर मागची तारीख टाकणार नाही. आमची बिलं क्रमांकाने निघतात, मधल्या क्रमांकावर मागची तारीख चढवता येत नाही. समजा चढवलीच, तर सर्जनच्या केसपेपरवर त्या दिवशी "कन्फॉर्मर आत आहे" अशी नोंद असणार. ती नोंद आणि माझं बिल शेजारी ठेवलं की शेंबडं पोरही विचारेल, आत वाटी असताना माप कसं घेतलं? मग नुसता या बिलाचा क्लेम अडकत नाही, ऑपरेशनच्या पास झालेल्या क्लेमवरही शंका येते.

आता कोड. तुमचा भाचा पुण्यात अमेरिकेच्या मेडिकल बिलिंगचं काम करतो आणि त्याने सांगितलं की बिलावर व्ही 2623 टाका, पुढे आरटी लावा, क्लेम पास होतो. भाचा हुशार आहे, त्याने सांगितलं ते अमेरिकेपुरतं अगदी बरोबर आहे. तिथे व्ही 2623 म्हणजे माप घेऊन बनवलेला प्लास्टिकचा कृत्रिम डोळा. आरटी म्हणजे उजवा, एलटी म्हणजे डावा. सोबत "डोळा नाही" हे सांगणारा आजाराचा कोड लागतो, झेड 90.01. पण ही व्ही वाली यादी तिकडच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याची आणि तिकडच्या विमा कंपन्यांची. आपल्याकडच्या टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, टेबलावर तिला कोणी विचारत नाही. आपल्याकडे क्लेम फॉर्मच्या भाग ब मध्ये आजाराचा आयसीडी कोड असतो, पण तो भाग हॉस्पिटल भरतं. ज्या हॉस्पिटलात पेशंट भरती होता त्याचा सही-शिक्का त्यावर लागतो. आमच्याकडे एक खाटसुद्धा नाही, आम्ही तो कसा भरणार?

तुमची दुसरी मागणी होती की "कृत्रिम डोळा" ऐवजी "इम्प्लांट" लिहा. भाऊ, इम्प्लांट म्हणजे ऑपरेशनमध्ये आत बसवलेला गोळा. डोळा हलवणारे स्नायू त्याला जोडतात आणि वरून आवरण शिवून टाकतात. तो हॉस्पिटलच्या बिलात आहे आणि तुम्हीच लिहिलंय की ते बिल मंजूर झालं. मी बनवला तो त्याच्यावर बसणारा, हाताने काढता-घालता येणारा पातळ शेल. मी इम्प्लांट लिहिलं असतं तर एकाच डोळ्यात दोन इम्प्लांट झाले असते.

जीएसटीचं सांगते. डॉक्टरांच्या तपासणीवर तो नसतो हे खरं, पण कृत्रिम डोळा ही वस्तू आहे आणि ती 9021 या एचएसएन, म्हणजे करासाठी वस्तूंना दिलेल्या, क्रमांकाखाली, शरीराच्या कृत्रिम अवयवांत येते. त्यावरचा कर 18 जुलै 2022 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. 22 हजारांवर 1,100. ते सरकारजमा होतात, माझ्या गल्ल्यात नाही.

दोन हजारात डोळा मिळतो, हे मी नाकारत नाही. तो तयार साच्याचा, ठरावीक मापांचा असतो. काहींना तो बऱ्यापैकी बसतोही, आणि ज्यांची ऐपत नाही त्यांना मी स्वतः तोच घ्या म्हणते. मापाचा डोळा हे वेगळं काम आहे. दाताचे डॉक्टर कवळीसाठी वापरतात तसल्याच अल्जिनेटने खोबणीचं माप घ्यायचं, मेणाचा नमुना घालून पापणी किती उघडते, नजर सरळ दिसते का ते बघायचं, मग ॲक्रिलिक ओतून शिजवायचं. काचेचा नाहीच तो. बुबुळ आम्ही खिडकीजवळ दिवसाउजेडी रंगवतो, ट्यूबलाईटखाली तपकिरी रंग दगा देतो. साठीच्या पुढच्या माणसांच्या बुबुळाभोवती बहुतेकदा राखट-पांढरी कड आलेली असते. ती कड रंगवली नाही तर म्हाताऱ्या चेहऱ्यात तरण्या पोराचा डोळा बसवल्यासारखं दिसतं. पांढऱ्या भागावरच्या लाल शिरा म्हणजे रेशमाचे सुटे केलेले धागे, चिमट्याने एकेक चिकटवलेले, आणि त्या दुसऱ्या डोळ्यात जिथे असतील तिथेच. या सगळ्यावर पारदर्शक थर चढवून परत शिजवणं आणि घासणं. याचे पैसे जास्त वाटत असतील तर तसं जरूर म्हणा, पण दोन हजारवाल्याशी तुलना करून म्हणू नका.

आणि पॉलिश. तुम्ही लिहिलंय, "रोज स्पिरिटने पुसतो तरी चिपडं येतात, आता तर बारीक तडे दिसतात, माल हलका आहे." भाऊ, स्पिरिट आजच्या आज बंद करा. या ॲक्रिलिकला स्पिरिट, सॅनिटायझर चालत नाही, त्यानेच असे केसासारखे तडे जातात. डोळा देताना जो कागद दिला त्यावर ही सूचना ठळक अक्षरात आहे. साधा सौम्य साबण आणि प्यायचं स्वच्छ पाणी, बस. रोज काढायचीही गरज नाही, जितकी काढघाल जास्त तितकी खोबणी चिडते. अश्रूंतल्या प्रथिनांचा थर तर कितीही जपलं तरी बसतोच, पृष्ठभाग खरखरीत होतो, मग पापणीच्या आतून घासून चिपडं वाढतात. म्हणून सहा महिने-वर्षाने पॉलिश. हे मी शोधून काढलेलं नाही. भाच्यालाच विचारा, मेडिकेअर वर्षातून दोनदा पॉलिशचे पैसे देतं आणि पाच वर्षांनी नवा डोळा.

चाळीस टक्क्यांचा दाखला देण्याचा अधिकार आम्हाला नाही, तो सरकारी दवाखान्यातून निघतो. आणि एक डोळा गेला, दुसरा चांगला, तर केंद्राच्या नियमात अपंगत्व 30 टक्केच धरतात. मलाही ते पटत नाही.

आता क्लेमचं. नाकारल्याचं पत्र नीट वाचा. "कॉस्मेटिक" म्हणून नाकारलं असेल तर त्या कलमातच, एक्सक्लूजन 08 मध्ये, अपघातानंतरच्या पुनर्रचनेला अपवाद आहे. तो दाखवून कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मराठवाड्याला पुण्याचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या अखेरच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. मुदतीमुळे नाकारलं असेल तर केस कमजोर आहे, खोटी आशा दाखवत नाही. तरी सूज उतरेपर्यंत माप घेता येत नव्हतं, असं सर्जनचं पत्र जोडून बघा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पऱ्हाट्या उपटताना काडी लागून डोळा गेला असं तुम्हीच लिहिलंय. वडिलांच्या पासबुकात मेअखेरीस 20 रुपये कपात झालेली दिसते का बघा. असेल तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय 70 च्या आत असेल तर अपघातात एका डोळ्याची नजर कायमची गेल्यास 1 लाख. सातबारा त्यांच्या नावावर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही एका डोळ्यासाठी 1 लाख आहेत, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. दोन्हीकडे 30 दिवसांची अट असते आणि तुमची ती उलटलेली दिसते. तरी उशिराचं कारण लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे अपघात, ऑपरेशन आणि दाखला यांच्या तारखा एकमेकींशी ताडून बघतात.

बिलाची साक्षांकित प्रत आणि माप, बसवणी यांच्या तारखांचं पत्र तयार ठेवलंय, त्याचे पैसे नाहीत. तडे किती खोल आहेत ते बघितल्यावरच पॉलिशने भागेल का सांगता येईल. वडिलांना घेऊन या, डोळा खोबणीतच असू द्या, डबीत घालून आणू नका. गुरुवारी आम्ही बंद असतो.